खोक्यातल्या हवेचे पैसे कोणी भरायचे?

प्रश्न : घरातल्या न लागणाऱ्या वस्तू ऑनलाइन विकू लागलेल्या एका वाचक भगिनींचं हे पत्र, थोडक्यात. मोठी कापडी शेड असलेला एक टेबललॅम्प त्यांनी विकायला ठेवला. घरच्या काट्यावर तो 3 किलोच्या आत भरला, म्हणून 3 किलोच्या हिशेबाने कुरिअरचा खर्च सांगून त्यांनी तो गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेतला. काउंटरवर बिल मात्र 27 किलोचं झालं. शब्द दिला होता, म्हणून त्यांनी पदरमोड करून पार्सल पाठवलं. नंतर फरकाची निम्मी रक्कम मागितली, तर उत्तर आलं, "कुरिअरच्या नावाखाली पैसे काढायचा हा धंदा आहे." यजमान म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, त्यापेक्षा सगळं भंगारात दे. भाचा म्हणतो, मावशी, सरसकट 'डिलिव्हरी मोफत' लिही आणि किंमत वाढव. ते ताईंना खोटेपणाचं वाटतं. घरात अजून 40 कादंबऱ्या आणि चिनी मातीचा एक डिनर सेट पडून आहे. शिवाय लेकीसाठी त्यांनी एक वापरलेली गिटार पाहून ठेवली आहे, पण तिचा कुरिअरखर्च किमतीच्या जवळजवळ निम्मा आहे. "हा विक्रेताही लुबाडायलाच बसलाय," असं त्या लिहितात. त्यांचा प्रश्न : फरक मागितला हे माझं चुकलं का? आणि हा खर्च शेवटी सोसायचा कोणी?

उत्तर :

ताई, तुम्ही पार्सल अडवून धरलं नाही, आधी पाठवलं आणि मग पैशांचा विषय काढला, हे फार चांगलं केलंत. तो गृहस्थ तुम्हाला काहीही म्हणो, धंदेवाईक माणूस असं करत नाही. तरीही फरक मागणं मला पटलेलं नाही.

कारण साधं आहे. दिवा तुमच्या घरात होता. टेप, काटा, खोकं, सगळं तुमच्या हाताशी होतं. त्याच्यापाशी तुम्ही दिलेला आकडा आणि दोन-चार फोटो, एवढंच होतं. त्या आकड्यावर विसंबून त्याने हो म्हटलं. तुम्ही आधीच खरा आकडा सांगितला असतात, तर त्याने दिवा घेतलाच नसता किंवा किमतीत घासाघीस केली असती. ती संधी त्याला मिळाली नाही आणि व्यवहार झाल्यावर बिल आलं. अंदाज ज्याने केला, त्याच्याच पदरात त्याची चूक पडणार. हे कडू आहे, पण तुम्ही गिऱ्हाईक असतात तर तुम्हीही हेच म्हटलं असतंत.

तेव्हा त्याला एक शेवटचा, साधा निरोप पाठवा : "खोक्याचं माप घेताना माझा अंदाज चुकला. फरकाची रक्कम मागितली ती कृपया विसरून जा. दिवा नीट पोचला का, तेवढं कळवा." इतकंच. त्यात टोमणा नको, स्पष्टीकरणाची लांबण नको. तुमच्या खात्यावर तो जो शेरा लिहील, तो पुढची शंभर गिऱ्हाइकं वाचणार आहेत. तुम्ही भरलेली रक्कम त्या मानाने लहान आहे.

आता 3 किलोचे 27 किलो झाले कसे, ते पाहू. तुमच्या पत्राच्या सुरावरून वाटतं की कुरिअरवाल्यानेही तुम्हाला फसवलं, असा तुमचा समज झाला आहे. तसं नाही. कुरिअर कंपन्या दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारावरून काढलेलं, ज्याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. त्यातलं जे जास्त, त्याचे पैसे. गाडीत किंवा विमानात वजनाच्या आधी बरेचदा जागा संपते, म्हणून ही पद्धत. हिशेब असा : खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि 5000 ने भागायचं. उत्तर येतं किलोत. काही ठिकाणी 5000 च्या जागी 6000 किंवा 4000 असतात. भाजक जितका लहान, तितकं बिल मोठं, म्हणून तो आधी विचारून घ्यावा.

तुम्ही खोक्याचं माप दिलं आहे, 50 बाय 45 बाय 60. गुणाकार 1,35,000. भागिले 5000 म्हणजे बरोबर 27. कुरिअरवाल्याचा हिशेब चोख आहे. तुम्ही हवा पाठवलीत आणि हवेचेच पैसे भरलेत.

पुढच्या वेळी हीच वस्तू कशी पाठवता आली असती? लॅम्पशेड म्हणजे आत पोकळ असलेला मोठा डबा. शेड स्टँडवर तशीच ठेवून खोकं भरलं, की शेडच्या आतली हवाही जाते आणि शेडखाली स्टँडच्या भोवतीची हवाही जाते. शेड काढून उलटी ठेवायची, बल्ब काढून घ्यायचा, स्टँड जाड कागदात गुंडाळून त्या पोकळीतच आडवा निजवायचा आणि मध्ये जुने टॉवेल कोंबायचे. समजा खोकं 45 बाय 45 बाय 35 मध्ये बसलं, तर हिशेब 14 किलोंच्या थोडा वर जातो. 27 चे जवळपास निम्मे! तरीही दिवा 3 किलोत जात नाहीच. दुसरा मार्ग म्हणजे नुसता स्टँड विकायचा. 20 बाय 20 बाय 45 च्या खोक्यात तो 3.6 किलोंत जातो आणि शेड ज्याची त्याने आपल्या आवडीची घ्यावी. मी तुमच्या जागी असते तर जाहिरातीत हे दोन्ही पर्याय लिहिले असते.

खोकं निवडताना आपला हात नेहमी मोठ्या खोक्याकडे जातो. "असू दे, थोडं मोकळं बरं." ही थोडी मोकळीक किती महाग पडते ते पाहा. 30 सेंटिमीटरचं चौकोनी खोकं 5.4 किलोंचं. तेच तिन्ही बाजूंनी फक्त 5 सेंटिमीटर वाढवलं, की साडेआठ किलोंच्या वर जातं. वर बहुतेक ठिकाणी पुढच्या अर्ध्या किंवा पूर्ण किलोपर्यंत आकडा चढवतात. माप घेतात तेही बाहेरून, आणि पोट सुटलेल्या खोक्याचं पोटही मोजलं जातं. म्हणून क्रम उलटा करा. आधी वस्तू पॅक करायची, टेपने मापायची, वजन करायचं, दोन-तीन ठिकाणचा दर काढायचा आणि मग जाहिरात टाकायची. "विकलं गेलं नाही तर पॅकिंग फुकट जाईल" असं वाटत असेल, तर निदान ज्या खोक्यात पाठवणार ते खोकं आणून वस्तू त्यात बसवून तरी पाहा. खोकं, चिकटपट्टी आणि बबल रॅप विकत आणलं असेल, तर तेही खर्चातच धरायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, सोसायचं कोणी? हा वाद जुना आहे. ब्रिटनमध्ये 1840 पूर्वी पत्राचे पैसे सहसा पत्र घेणारा भरायचा, आणि दर ठरायचा अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. दारात आलेलं पत्र लोक नाकारायचे, मग टपालखात्याची जायची-यायची हमाली फुकट. रोलंड हिल या इंग्रज सुधारकाने 1837 मध्ये सुचवलं की अंतर कितीही असो, दर एकच ठेवा, तो वजनावर ठेवा आणि पैसे आधी घ्या. 1840 मध्ये ते अमलात आलं, आणि आधी पैसे न भरता टाकलेल्या पत्राला दुप्पट पैसे पडू लागले. मला यातली आधी पैसे घेण्याची गोष्ट तुमच्या कामाची वाटते. आजही 'कॅश ऑन डिलिव्हरी'ने जुनी वस्तू पाठवली आणि समोरच्याने दार उघडून "नको" म्हटलं, तर जाण्याचा आणि परत येण्याचा असा दोन्हीचा भुर्दंड विकणाऱ्याला बसतो. तेव्हा वापरलेल्या वस्तूला उधारीची ही पद्धत नको.

पण "कोणी सोसायचं" हा प्रश्नच मला थोडा फसवा वाटतो. तुम्ही असं धरून चालला आहात की दिव्याची एक किंमत आहे आणि कुरिअर हा वरून आलेला त्रास आहे, जो कोणाच्या तरी खिशाला लावायचा. गिऱ्हाईक असा विचार करत नाही. त्याच्या दारात पोचलेल्या दिव्यासाठी तो एकूण किती द्यायला तयार आहे, तेवढा एकच आकडा त्याच्या मनात असतो. तसा दिवा त्याला जवळपास जेवढ्याला मिळेल, त्याच्या आसपासचा. त्यातून कुरिअरवाल्याचं वजा केलं की उरेल ते तुमचं. खर्च त्याच्या नावावर लिहा की तुमच्या, उरणारी रक्कम फारशी बदलत नाही. ती शून्याच्या खाली जात असेल, तर ती वस्तू पाठवण्याजोगी नाही, एवढंच. ती टाकाऊ आहे असा त्याचा अर्थ नाही. यजमानांची म्हण बरोबर आहे, पण भंगाराचा निष्कर्ष घाईचा आहे. जी वस्तू दूर पाठवायला परवडत नाही, ती जवळच्या माणसाला येऊन नेऊ द्यायची.

मग भाच्याचा सल्ला? 'डिलिव्हरी मोफत' म्हणजे फुकट नाही, हे विकणाऱ्याला कळतं तसं घेणाऱ्यालाही कळतं. एकूण आकडा समोर असेल, तर मला त्यात खोटं काही दिसत नाही. खोटेपणा झालाच असेल, तर तो उलट्या पद्धतीने जास्त झाला आहे. किंमत नावापुरती ठेवायची आणि कुरिअरच्या खात्यात कमाई करायची! हे चालतं, कारण आपण दोन आकड्यांची बेरीज नीट करत नाही. किंमत तुकड्यांत सांगितली की लोकांना एकूण रक्कम प्रत्यक्षापेक्षा कमी आठवते, असं मॉर्विट्झ, ग्रीनलीफ आणि जॉन्सन या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं होतं. हुसेन आणि मॉर्गन यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सीडी आणि व्हिडिओ गेम ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर लिलावाला लावले होते. एकूण किमान रक्कम तीच, पण सुरुवातीची बोली कमी आणि पाठवणीचा खर्च जास्त, असं मांडलं की बोली लावणारे वाढले आणि पैसेही जास्त आले. अर्थात, पाठवणीचा खर्च अवाजवी नव्हता तोवरच. पुढे 2011 मध्ये ईबेने अमेरिकेत आपलं कमिशन पाठवणीच्या रकमेवरही लावायला सुरुवात केली, तेव्हा तिथे ही पळवाट बरीचशी बुजली.

हे सगळं सांगायचं कारण, तुमच्या गिऱ्हाइकाचा संशय हवेतून आलेला नाही. त्याने असे विक्रेते पाहिले असणार. तुम्ही त्यातल्या नाही, हे त्याला कळायला काही वाव नव्हता.

तरीही भाच्याचा 'सरसकट' मला मान्य नाही. वस्तू लहान आणि खर्च सगळीकडे साधारण सारखा असेल, तर किमतीत धरून टाका. अंतरावर खर्च खूप बदलत असेल, तर सरासरी धरल्याने जवळच्यावर अन्याय होतो आणि लांबच्याच्या पार्सलात तुमचं नुकसान. तिथे खर्च वेगळा लिहा आणि जोडीला खोक्याचं माप व वजनही लिहा, म्हणजे ज्याला पडताळायचं त्याने पडताळावं. आणि ज्या संकेतस्थळावर विकता ते कमिशन कशावर घेतं, नुसत्या वस्तूवर की एकूण रकमेवर, ते आधी वाचा. एकूण रकमेवर घेत असेल, तर कुरिअरच्या पैशांतलाही थोडा भाग कापला जातो आणि ते नंतर लक्षात येतं.

कादंबऱ्यांचं गणित दिव्याच्या अगदी उलट आहे. पुस्तक ठासून भरलेलं असतं. 22 बाय 14 बाय 2 सेंटिमीटरच्या कादंबरीचं आकारावरचं वजन सव्वाशे ग्रॅमसुद्धा होत नाही, काट्यावर ती त्याच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे इथे काटा खरा. एकेक पुस्तक विकायला जाल तर प्रत्येक वेळी वजनाच्या पहिल्या टप्प्याचा दर पडेल, आणि तोच सगळ्यांत महाग असतो. पुढचे टप्पे सहसा त्या मानाने स्वस्त. म्हणून एकाच लेखकाची किंवा एकाच प्रकारची चार-पाच पुस्तकं मिळून संच करा. जाहिरातीत लिहा की दुसरं पुस्तक घेतलं तर पाठवणीचा वाढीव खर्च एवढाच. काही देशांच्या टपालखात्यांत छापील पुस्तकांना वेगळा, स्वस्त दर असतो. तो घेतला तर आत चिठ्ठी किंवा इतर सामान घालायची मुभा नसते, एवढं लक्षात ठेवा. सगळी 40 एका खोक्यात मात्र कोंबू नका. खोक्याचा तळ फाटतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते.

डिनर सेट पाठवू नका. जड आहे, फुटणारा आहे, प्रत्येक ताटाला वेगळं गुंडाळायचं तर खोकं फुगतं, म्हणजे वजन आणि आकार दोन्हीकडून मार. विम्याच्या भरवशावर राहावं, तर बऱ्याच कंपन्यांच्या नियमांत काच आणि चिनी माती वगळलेली असते, किंवा पॅकिंग पुरेसं नव्हतं म्हणून दावा फेटाळला जातो. त्याची जाहिरात 'येऊन घेऊन जावे' अशी टाका आणि किंमत थोडी उतरवा. अपवाद एकच. सेट जुना, नावाजलेल्या कारखान्याचा आणि आता बनत नसलेला असेल, तर फुटलेलं एखादं ताट बदलायला सुटी ताटं शोधणारी माणसं असतात. त्यांना एकेक ताट पाठवणं परवडतं.

जाहिरातीत दोन ओळी आणखी घाला : वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर परतीचा खर्च माझा, मन बदललं तर तुमचा. हे आधी लिहिलेलं असलं की निम्मी भांडणं होतच नाहीत. पॅक करताना फोटो काढा, खोकं बंद करण्याआधीचा आणि नंतरचा. आणि लिथियम बॅटरीची काही वस्तू विकायची झाली, तर कुरिअरला आधी सांगा. हवाईमार्गाने अशा बॅटऱ्या पाठवण्यावर कडक बंधनं आहेत आणि फुगलेली बॅटरी तर पाठवायचीच नाही.

कुरिअरच्या निमित्ताने होणारी एक लबाडीही सांगून ठेवते, कारण नवख्या विक्रेत्यालाच ती गाठते. गिऱ्हाईक भाव न पाडता लगेच तयार होतं, म्हणतं, "माझा कुरिअरवाला येऊन घेऊन जाईल, फक्त त्याचा विमा तुम्ही आधी भरा, मी वस्तूच्या पैशांत जोडून देतो," आणि एक लिंक धाडतं. किंवा पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतं. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन तर नाहीच नाही. असं गिऱ्हाईक आलं की बोलणं तिथेच थांबवायचं.

राहिली लेकीची गिटार. ताई, त्या विक्रेत्याबद्दल तुम्ही जे लिहिलंय, ते आणि तुमच्या गिऱ्हाइकाने तुम्हाला लिहिलेलं वाक्य शेजारी ठेवून वाचा. दोन्ही एकच आहेत.

साध्या अकूस्टिक गिटारचं खोकं साधारण 110 बाय 45 बाय 20 चं होतं. गुणाकार 99,000. म्हणजे 19.8 किलो, आणि गिटार स्वतः दोन-अडीच किलोंच्या आसपास. त्यातून लांब खोक्याला काही कंपन्या वेगळं शुल्क लावतात. त्याने सांगितलेला खर्च याच हिशेबाचा असेल, तर तो लुबाडत नाही, तुमच्यासारखी चूक होऊ नये म्हणून आधीच मापून बसलाय. त्याला खोक्याची तिन्ही मापं विचारा आणि त्याच कंपनीच्या दरपत्रकावर ताडून पाहा. आकडा जुळला, तर एकूण रक्कम घ्या आणि तशीच गिटार जवळपास प्रत्यक्ष वाजवून कितीला मिळते ते बघा. वाद्याच्या बाबतीत हातात घेऊन पाहण्यालाही किंमत आहे. दांडी किंचित वाकलेली असली तर फोटोत दिसत नाही.

तरीही तीच घ्यावीशी वाटली, तर घासाघीस खर्चावर करू नका. तो पैसा त्याचा नाही, त्यात तो सूट देणार कुठून? किमतीवर करा. त्याला सांगा, पाठवायच्या आधी तारा थोड्या सैल कर आणि दांडीच्या टोकाखाली, जिथे खुंट्या असतात तिथे, कापडाची घट्ट घडी घाल. प्रवासात गिटार बहुधा तिथेच मोडते.